कंपनीची माती

जोगेश्वरी गावातून वाळूजच्या कंपन्यांकडे निघालं की डाव्या हाताला पत्र्याचं एक घर लागतं. अंगणात उपडे घातलेले माठ, कडेला भट्टी आणि छपराखाली चाक. ते साहेबराव कुंभाराचं घर. तो मूळचा सिल्लोडचा. इकडे कंपन्या उभ्या राहत होत्या तेव्हा त्याचे वडील बिऱ्हाड घेऊन आले. माणसं वाढतील तसे माठ खपतील असा त्यांचा अंदाज होता, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरला.

साहेबरावाचा हात चाकावर विलक्षण चालायचा. माठाचा गळा काढताना तो समोरच्याशी गप्पा मारत असायचा आणि बोटं आपली आपली काम करत असायची. उन्हाळ्यात तो शहरात, उस्मानपुऱ्यात रस्त्याच्या कडेला माल लावायचा. तिथली जुनी गिऱ्हाइकं घरात फ्रीज असूनही त्याच्याकडून माठ न्यायची, टिचकी मारून न बघता न्यायची. दुसऱ्या कुंभाराचा माल चांगला निघाला तर साहेबराव मोकळ्या मनानं वाखाणायचा. लोक त्याला दिलदार म्हणायचे. खरं म्हणजे जळायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

त्याची बायको सुरेखा सोयगावकडची. माती चाळणं, भिजवणं, तुडवणं, ओले माठ थापटून फुगवणं, गेरू लावणं ही सगळी कामं तिची. त्यांच्या घरात बाया चाकावर बसत नाहीत, तसा रिवाज आहे, आणि तिनं कधी हट्टही धरला नाही. तिच्या एकटीच्या हातची म्हणावी अशी एकच वस्तू होती, शेगडी. शेगडीला चाक लागत नाही, हातानं थापून करतात. ती अधूनमधून दोन-चार करायची आणि माठांच्या मागे ठेवून द्यायची. कुणी विचारलीच तर जायची. साहेबराव त्याला ‘हिचं खेळणं’ म्हणायचा आणि तीही हसायची. मुलगी लग्न होऊन सासरी गेल्यावर घरात दोघंच उरली होती, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

घरामागे माती काढून काढून मोठा खड्डा झाला होता. पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं, डास व्हायचे. तो बुजवायला म्हणून साहेबरावानंच मोतीरामला गाठलं. मोतीराम रांजणगावचा, त्याच्यापेक्षा वयानं लहान. एका ठेकेदाराचा टेम्पो चालवायचा आणि बिअरच्या कंपनीतून निघणारी माती बाहेर नेऊन टाकायचा. माती म्हणजे खरी माती नव्हे. बिअर नितळ व्हावी म्हणून ती एका पांढऱ्या भुकटीतून गाळतात. गाळून झाली की ती भुकटी ओली, तपकिरी, आंबूस वासाची होऊन बाहेर पडते, आणि मग कंपनीला तिचं ओझंच असतं.

“साहेब लोक सांगत्यात, ही पाण्यातल्या बारीक जिवांची सालपटं हाय म्हणून,” मोतीरामनं एकदा चहा पिताना सांगितलं. “डोळ्यानं दिसत नाय एवढी बारीक. वाळू, काच, त्याच जातीची.”

ठेकेदाराची हरकत नव्हती. आठवड्यातून एखादी खेप साहेबरावाच्या खड्ड्यात पडू लागली. मोतीराम आला की माठातलं पाणी प्यायचा, घटकाभर बसायचा, आणि गावाकडच्या, कंपनीतल्या गोष्टी सांगून जायचा. साहेबरावाला तो आवडायचा.

या मातीचं काहीतरी करता येईल हे पहिल्यांदा डोक्यात आलं ते साहेबरावाच्याच, हे इथं सांगायला हवं, कारण पुढे त्याला तेच सगळ्यात जास्त सललं. वाळलेला तुकडा हातात घेतला तर पिसासारखा हलका लागायचा. त्यानं विचार केला, हे आपल्या मातीत घातलं तर माठ हलका होईल, पाणी जास्त गार राहील. त्यानं घालून बघितलं. चाकावर माती थोडी फुटीर वाटली, पण त्याच्या हातांनी ती सांभाळली. भट्टीतून माठ निघाले तेव्हा उचलून बघून त्याला फार बरं वाटलं. पाणी भरून ठेवलं. सकाळी बघतो तर माठ रिकामा आणि खाली अंगणभर ओल.

“माठ नाय, चाळणी हाय ही,” तो म्हणाला. प्रमाण कमी करून पुन्हा केलं, तरी पाणी झिरपतच राहिलं. शेवटी वैतागून त्यानं ते सगळे माठ फोडून खापरं भट्टीशेजारी टाकली आणि विषय डोक्यातून काढला.

सुरेखाचा विषय तिथून सुरू झाला. एके दिवशी भाकरी करताना चुलीतलं लाकूड आत सारायला तिनं हाताशी आलेलं एक खापर घेतलं. खापराचं एक टोक निखाऱ्यात तापून लाल झालं आणि दुसरं टोक तिच्या बोटांत होतं, तरी बोटांना चटका लागला नाही. तिनं ते खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा निखाऱ्यात धरलं. भाकरी तव्यावर करपली. साहेबराव जेवायला बसला होता. त्यानं भाकरीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, आणि तिनं त्याला ते खापर दाखवलं. “बघा ना, इकडं आग अन् इकडं काहीच नाय.” तो म्हणाला, “पाणी धरत नाय ते काय कामाचं?”

पण तिचं काम पाण्याशी नव्हतं, आगीशी होतं. तिनं कंपनीच्या मातीत आपली माती आणि थोडा भुसा घालून शेगडी थापली. पहिल्या शेगड्या वाळतानाच तडकल्या. मग ती सावलीत, ओल्या गोणपाटाखाली वाळवू लागली. मोतीराम टेम्पो रिकामा करताना ती त्याला विचारायची, आजची माती एवढी पातळ का, आज हिचा वास का कमी. तो कंपनीत विचारून यायचा आणि सांगायचा, वैनी, आज धुतलेल्या टाकीची हाय, कालची दुसऱ्या टाकीची होती. साहेबराव चाकावर बसून हे ऐकायचा. सुरुवातीला त्याला गंमत वाटायची.

शेगडी जमली. उचलायला हलकी, आत कोळसा रसरसलेला, आणि बाहेरून हात ठेवला तर नुसती कोमट. कंपनीच्या गेटाजवळ चहाची गाडी लावणाऱ्या लक्ष्मीबाईंनी पहिली नेली, आणि आठवड्यानं येऊन सांगितलं की कोळसा निम्माच लागतो. त्यांच्या गाडीवर चहा प्यायला येणाऱ्या माणसांनी शेगडी बघितली. मग आणखी गाडीवाले आले. ते आता उपडे माठ ओलांडून मागं जायचे आणि विचारायचे, “शेगडीवाल्या बाई कुठायत?”

साहेबरावाला पहिला काटा बोचला तो तेव्हा. त्यानं तो हसण्यावारी नेला.

मग जुन्या शहरातून नईमभाई आले. त्यांची नान लावायची भट्टी होती, दिवसभर तंदूर पेटलेले असायचे आणि कामाला असलेल्या माणसांच्या पायांच्या नळ्या उष्णतेनं काळ्या पडलेल्या. तंदुराला बाहेरून या मातीचा जाड थर देता येईल का, असं त्यांनी विचारलं. सुरेखा स्वतः जाऊन तो थर थापून आली. पंधरवड्यानं नईमभाईंनी घरी येऊन सांगितलं, “भाभी, हाथ रखके देखो तो बाहर कुछ नै. आंच पूरी अंदरच रहती. दूसरे दोनों को भी कर देव.” साहेबराव शेजारीच उभा होता. नईमभाई वर्षानुवर्षं त्याच्याकडून माठ नेत होते. त्या दिवशी त्यांनी माठांकडे बघितलंही नाही.

त्यानंतर साहेबरावाला बऱ्याच गोष्टी दिसायला लागल्या, ज्या आधी दिसत नव्हत्या. सुरेखा शेगडीच्या कडा ओल्या फडक्यानं गुळगुळीत करायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एक शांत भाव असायचा. तो आपल्याशी बोलताना तिच्या चेहऱ्यावर कधी असतो का, हे तो आठवू लागला. ती माठ थापटायला बसली की तिचं मन तिकडे आहे असं त्याला वाटायचं. एका माठाचा घेर वाकडा आला तेव्हा तो म्हणाला, “आमच्या कामात आता जीव नाय तुझा.” तिनं माठ उचलून बघितला आणि म्हणाली, “गळाच वाकडा निघालाय, मी काय करू?” ते खरं होतं. चाकावर त्याचं मन लागत नव्हतं. पण त्यानं ते तिच्याच खात्यात जमा केलं.

लक्ष्मीबाईंच्या गाडीवर कुणीतरी सांगितल्यानं इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर, ऋतुराज नावाचे, शेगडी बघायला आले. माणूस साधा होता. त्यांनी उष्णता मोजायचं यंत्र शेगडीवर धरलं, आकडे बघून खूष झाले आणि सुरेखाला समजावून सांगितलं, की या सालपटांच्या पोटात बारीक पोकळी असते, तिच्यात हवा अडकते, म्हणून आच पलीकडे जात नाही. म्हणूनच पाणीही त्यातून झिरपतं. कोरडी माती चाळू नका, धूळ छातीत गेली तर वाईट, नेहमी ओलीच हाताळा आणि तोंडाला फडकं बांधा, हेही त्यांनी बजावलं. कंपनीची टाकाऊ माती आणखी कशात वापरता येईल यावर कॉलेजात एक कार्यक्रम होता. विटांत घालणारा एक जण येणार होता, रोपवाटिकेवाले येणार होते. सुरेखाबाईंनीही यावं, असं ते म्हणाले.

साहेबराव बरोबर गेला. सुरेखानं हिरवी साडी नेसली होती आणि वाटेत रिक्षात तिचे हात गार पडले होते. त्यानं ते हातात धरले. तेवढ्यापुरता तो चांगला नवरा होता. पण ती बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज सुरुवातीला कापला आणि मग अजिबात कापला नाही. खापराची गोष्ट तिनं जशी घडली तशी सांगितली. “आमच्या मालकांनी माठ केले होते, ते फसले, त्याच्या खापरात मला हे घावलं,” असं ती म्हणाली. लोक हसले. ते चांगल्या अर्थानं हसले होते. साहेबरावाला ‘फसले’ एवढाच शब्द ऐकू आला. कार्यक्रम संपल्यावर मोनिका नावाच्या एका तरुण प्राध्यापिकेनं त्याला आदरानं विचारलं, “काका, आणि तुम्ही काय करता?”

“मी माल उचलू लागतो,” साहेबराव म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे बसलं ते हलेना. जेवताना, चाकावर, उस्मानपुऱ्यात गिऱ्हाइकाशी बोलताना ते तिथंच असायचं. त्याला हे कुणाला सांगताही येईना. भावकीत कुणाचा ऊस चांगला आला, कुणाच्या पोराला नोकरी लागली म्हणून माणूस जळला तर लोक समजून घेतात. बायकोचा हात आपल्यापेक्षा सरस चालला म्हणून नवरा जळतो, हे कुणापुढे मांडणार?

मग एक दिवस गेटाजवळच्या गाडीवर एकानं चहा पिता पिता सहज म्हटलं, “साहेबराव, मोतीरामचा टेम्पो तुमच्याकडं लईच येतो राव आजकाल. तुम्ही उस्मानपुऱ्यात असता तवा पण येतो.” म्हणणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे. पण साहेबरावानं ते वाक्य घरी नेलं. खरं तर त्याला माहीत होतं. कित्येकदा तो स्वतः शेजारी बसलेला असताना त्या दोघांचं बोलणं त्यानं ऐकलं होतं, आणि त्यात टाकी, ओल, वास यापलीकडे काही नसायचं. तरी त्यानं ते वाक्य टाकून दिलं नाही. बायकोवर परपुरुषाचा संशय आला म्हटलं की नवऱ्याचा राग समजण्यासारखा होतो. त्याच्या पोटात जे होतं त्याला आता एक नाव मिळालं, आणि ते नाव चारचौघांत घेता येण्यासारखं होतं.

पुढच्या खेपेला त्यानं मोतीरामचा टेम्पो रस्त्यावरच थांबवला. सुरेखा मागे होती. तो खिडकीशी जाऊन म्हणाला, “उद्यापासून इकडं यायचं नाय.”

“का दादा? खड्डा भरला का?”

“खड्ड्याचं काय नाय. लोक बोलत्यात.”

मोतीरामला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. खाली बघून त्यानं गाडी मागे घेतली आणि भरलेला टेम्पो तसाच घेऊन गेला.

सुरेखाला साहेबरावानं सांगितलं की ठेकेदार बदलला. तिनं मोतीरामला फोन केले, ते त्यानं उचलले नाहीत. खड्ड्यातली जुनी माती तिनं खरवडून काढली, पण पावसानं त्यात चिखल मिसळला होता, शेगड्या तडकू लागल्या. नईमभाईंचे उरलेले तंदूर अडले. तिनं त्यांना फोन करून माफी मागितली तेव्हा साहेबराव चाकावर बसून ऐकत होता, आणि त्याची बोटं कितीतरी दिवसांनी सुरळीत चालत होती.

त्या दिवसांत तो सुखी होता. त्याला भूक लागायची. माठांचे गळे पूर्वीसारखे निघायचे. आणि विशेष म्हणजे सुरेखाविषयी त्याला खरोखर माया वाटू लागली. ती भट्टीजवळ रिकामी बसलेली दिसली की तो तिच्याजवळ जाऊन बसायचा, तिला धीर द्यायचा, जाऊ दे, माठाचा सीझन येतोय, आपलं आपण बघू, असं म्हणायचा. उस्मानपुऱ्याहून येताना तो तिच्यासाठी गरम जिलबी घेऊन आला. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि बाकीची झाकून ठेवली. ती खचून खाली बसल्याशिवाय आपल्याला तिच्या शेजारी बसता येत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

एका दुपारी मोतीरामची बायको रूपा स्कूटीवरून आली. ती कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होती, अंगावर अजून तिथला निळा एप्रन होता. यापूर्वी ती या घरी एकदाच आली होती. सुरेखानं तिला बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं. रूपानं पाणी घेतलं नाही आणि बसलीही नाही.

“वैनी, तुमच्या मालकानं माझ्या माणसाला काय सांगितलंय ते तुम्हाला ठाऊक हाय का?”

सुरेखा म्हणाली, “काय सांगितलंय?”

रूपानं सांगितलं. आवाज चढवला नाही. मोतीराम पंधरा दिवस घरात धड बोलत नव्हता, शेवटी काल त्यानं तोंड उघडलं. ती म्हणाली, “मी माझ्या माणसाला ओळखते, अन् तुम्हाला पण बघितलंय. मला भांडायचं नाय. पण हे बोलणं आमच्या वस्तीत पोचलं तर माझ्या सासूला तोंड दाखवायला जागा राहायची नाय. यांनी बोललंय, यांनीच येऊन पुसावं.”

साहेबराव चाकावर होता. चाक फिरत होतं आणि त्यावरची माती एका बाजूला कलली होती. सुरेखा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं आता ती रडेल, किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींसाठी त्यानं मनाची तयारी केली. ती शांतपणे म्हणाली, “तुम्हाला खरंच संशय आला असता तर तुम्ही मला विचारलं असतं. माझ्याशी भांडले असते. जिलबी आणली नसती. तुम्ही नुसती माती बंद केली.”

त्यानं चाक थांबवलं.

“जाऊन या,” ती म्हणाली, आणि रूपाला घेऊन आत गेली.

साहेबराव त्याच संध्याकाळी रांजणगावला गेला. मोतीरामच्या घरासमोर त्याची आई गोजरबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होती. मोतीराम टेम्पोचं चाक बदलत होता. त्यानं मान वर केली, साहेबरावाला बघितलं आणि पुन्हा पाना लावला. साहेबराव उभ्यानंच म्हणाला की मी जे बोललो ते खोटं होतं, कुणी काही बोलत नव्हतं, माझं चुकलं.

गोजरबाईनं सूप बाजूला ठेवलं. तिला बहुधा त्या दिवशीच सगळं कळलं असावं. “खोटं होतं हे ठाव असून बोललास?” ती म्हणाली. “मग कशापायी बोललास?”

साहेबरावानं आधी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, लोकांचं, चहाच्या गाडीचं. म्हातारी ऐकत राहिली. मग तो थांबला आणि खाली बघून म्हणाला, “बायकोचा हात माझ्या पुढं गेला, मावशी. ते बघवंना मला.”

मोतीरामनं चाकाचा शेवटचा नट आवळला, हात पुसले आणि उभा राहिला.

“माती आणत जाईन,” तो म्हणाला. “वैनीचं काम अडू नये. पण तुमच्या घरी पाण्याला थांबणार नाय, दादा. ते आता जमायचं नाय.”

साहेबरावानं मान हलवली. परतताना त्याला वाटत होतं, मोतीरामनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोतीराम शब्दाला जागला. टेम्पो पुन्हा येऊ लागला, पण अंगणात नाही. रस्त्याच्या कडेला माती टाकून तो तसाच निघून जायचा. सुरेखा ती घमेल्यानं आत वाहून आणायची. पहिल्या दिवशी साहेबराव दुसरं घमेलं घेऊन मदतीला गेला, तिनं त्याला नको म्हटलं नाही आणि बोललीही नाही. रूपा मात्र यायची. सुट्टीच्या दिवशी ती सुरेखाबरोबर शेगड्या थापायला शिकली, आणि पुढे कँटीनचं काम सोडून दोघी मिळूनच हे काम करू लागल्या. नईमभाईंचे तंदूर झाले. सिल्लोडहून, जालन्याहून मागणी आली. दोघींच्या बोलण्याचा आवाज भट्टीकडून यायचा आणि साहेबराव आला की तो थोडा कमी व्हायचा.

सुरेखा त्याच्याशी हळूहळू बोलायला लागली, पण जेवणाखाणाचं, बाजाराचं. त्या गोष्टीविषयी ती पुन्हा एकदाच बोलली, तेही आडून. तंदुराच्या तोंडाला गोल कडं लागायचं, ते हातानं थापलं की वाकडं यायचं. ती त्याच्या चाकाजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, कडं चाकावर निघेल, काढून द्याल का? तो चाकावरची माती सावरत राहिला. ती म्हणाली, “मनात नसलं तर नका करू. पण करायचं तर नीट करा.” त्यानं दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी कडी काढायला घेतली. त्या मातीचा फुटीरपणा त्याला माठांपासून माहीत होता, कडी चांगली निघाली. सुरेखानं ती तळहातावर फिरवून बघितली आणि वाळायला ठेवली.

जळणं गेलं नाही. ते जाईल असं त्याला वाटलं होतं, कबुली दिल्यावर माणूस हलका होतो असं ऐकून होता. पण कुणी ‘शेगडीवाल्या बाई’ विचारत आलं की ते पोटात तसंच हलायचं. फरक एवढाच की आता ते काय आहे हे त्याला कळायचं. तो हात करून भट्टीकडे दाखवायचा आणि चाक जरा जोरात फिरवायचा.

या हिवाळ्यात ऋतुराज सरांनी सुरेखाला आणि रूपाला पुण्याला एका प्रदर्शनाला पाठवलं. निघताना भट्टी भरायची राहिली होती. सुरेखानं शेगड्या आणि तंदुराचे भाग वाळवून रचून ठेवले होते आणि भट्टी साहेबरावावर सोपवली. हळू तापवा, एकदम आच वाढवू नका, एवढंच तिनं सांगितलं. हे त्याला सांगायची गरज नव्हती, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

त्यानं सकाळी भट्टी पेटवली. दुपारपर्यंत मंद आच ठेवायची होती. तो लाकडाच्या ढिगाशी बसला होता. चार जाड ओंडके एकदम आत सारले असते तर पुढचं सगळं आपोआप झालं असतं. भट्टी आहे, कधी बिघडते, कुणी विचारलं नसतं. हा विचार त्याच्या मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला. एक ओंडका त्यानं उचललाही. मग तो बाजूला ठेवून त्यानं पातळ फांद्या घेतल्या, एक एक करून आत घातल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. जेवायलाही गेला नाही, कारण उठलो तर परत येताना हातात काय असेल याची त्याला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर त्यानं माल काढला. एकही शेगडी तडकली नव्हती. रंग एकसारखा आला होता, टिचकी मारली तर घट्ट आवाज. इतकी चांगली भट्टी कित्येक महिन्यांत निघाली नव्हती. तो त्या ओळीकडे बघत उभा राहिला. त्याला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी हेही जाणवलं की या उद्या गाडीवर जातील तेव्हा त्यांना सुरेखाच्या शेगड्या म्हणतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात होत्या आणि एकीनं दुसरीला बाहेर काढलं नाही.

त्यानं फोन लावला. मागे प्रदर्शनातला गलका ऐकू येत होता. भट्टी चांगली निघाली, एक पण फुटली नाय, असं तो म्हणाला. सुरेखा म्हणाली, बरं झालं, नव्या तंदुराचं कडं नईमभाईंना आधी पाठवा, ते थांबलेत. मग तिथं बघितलेल्या माती मळायच्या यंत्राविषयी ती सांगू लागली. रूपा मधेच काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या.

साहेबराव आणखी एखाद्या शब्दाची वाट बघत होता. तो आला नाही. “आन् मग, यंत्र चालतं कशावर?” त्यानं विचारलं, आणि फोन कानाशी धरून भट्टीच्या कट्ट्यावर बसला.